सुई हाती घेण्यापूर्वी (डहाणू-तलासरी आवृत्ती)

मिक्सर घेतला की आठ भाषांतली माहितीपुस्तिका मिळते. शिलाई मशीन घेतलं की तेलाच्या कुपीबरोबर एक चोपडं मिळतं. सुई घेतली की काहीच मिळत नाही. टोकदार, पोलादी, लहान मुलाच्या हाताला सहज लागणारी वस्तू, आणि तिच्याबरोबर साधी एक ओळ नाही की बाबा रे, हिला अशी धर. ती उणीव भरून काढण्यासाठी ही मार्गदर्शिका.

ती डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण आजवर आई, बायको, बहीण किंवा नाक्यावरचा टेलर यांनीच लावलं तो. वयाची अट नाही. निवृत्त मुख्याध्यापकही चालतील. विक्रमगड-जव्हारच्या वाचकांनी वापरायला हरकत नाही, फक्त समुद्राचा भाग गाळावा.

सुईची पुढची बाजू कुठली?

जी टोचते ती. मागच्या बाजूला नेढं असतं, त्यात दोरा जातो. दोन्ही बाजू टोचत असतील तर तुमच्या हातात बाभळीचा जोडकाटा आहे. तो खाली ठेवा आणि पुन्हा सुरुवात करा.

ही रचना नवी नाही. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत पक्ष्याच्या हाडाची, नेढ्यासकट अख्खी सुई सापडली आहे आणि तिचं वय सुमारे ५० हजार वर्षं मानलं जातं. त्यानंतर हाडाची जागा धातूने घेतली, बाकी हाताच्या सुईत सांगण्यासारखा फरक पडलेला नाही. मशीनच्या सुईत मात्र पडला. टोकाशीच नेढं असलेल्या सुईने टीप घालणाऱ्या यंत्राचं पेटंट इलायस हौ या अमेरिकन माणसाने १८४६ साली घेतलं. आपण दोरा मागे ठेवून सुई पुढे ढकलतो. मशीनमध्ये दोरा टोकाबरोबरच कापडात घुसतो आणि खाली शटल त्याला गाठतं. हे समजायला अवघड वाटलं तर वाटू द्या, मशीन न समजताही चालतं.

दोरा कसा ओवावा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि चाळिशीनंतर तर एकमेव.

पहिली चूक दोरा तोडण्यात होते. दातांनी तोडलेल्या दोऱ्याला शेंडे फुटतात. कात्रीने, तोही तिरका कापावा. दुसरी चूक थुंकीची. दोरा तोंडात घालून ओला करायची आपल्याकडे पूर्वापार रीत आहे. ओला सुती दोरा फुगतो, फुगला की नेढ्यात जात नाही, जात नाही म्हणून आपण तो आणखी ओला करतो. ओलं करायचंच असेल तर नेढं करा. बोटाला पाण्याचा थेंब लावून नेढ्यावर फिरवा आणि कोरडा दोरा पुढे करा, तो आत ओढला जातो. तिसरी गोष्ट शिवणाच्या क्लासातही क्वचितच सांगतात: नेढं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे एका बाजूने ते जरा ऐसपैस आणि दुसऱ्या बाजूने अडचणीचं असतं. दोन-चार प्रयत्न फुकट गेले तर चष्म्याला बोल लावण्याआधी सुई उलटी फिरवून बघावी.

बाजारात दोरा ओवायचा एक पातळ पत्राही मिळतो. त्याला पुढे तारेचा फासा असतो आणि पत्र्यावर कुणा परदेशी बाईचा चेहरा ठसवलेला असतो. ती बाई कोण, हे विचारू नये. थोड्या वापरानंतर तार निसटते आणि बाई तेवढी उरते.

एवढं करूनही जमलं नाही तर घरातल्या तिसरी-चौथीतल्या नातवंडाला हाक मारावी. दोन्ही तालुक्यांत हाच सर्वमान्य उपाय आहे. नातवंड आश्रमशाळेत राहत असेल तर मात्र दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाट बघावी लागते. म्हणून शहाण्या आज्या सुट्टी संपायच्या आत सगळ्या सुया त्याच्याकडून ओवून घेतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला खोचून ठेवतात. शाळा उघडताना ज्या घरात कॅलेंडरला ओवलेल्या सुयांची रांग दिसेल, तिथलं नियोजन कुठल्याही सरकारी खात्यापेक्षा बरं आहे असं समजावं.

दोरा हातभरच घ्यावा. परत परत ओवायला नको म्हणून नवशिका वावभर दोरा घेतो आणि मग बटणाला टाके घालायचे सोडून गुंता सोडवत बसतो. रिळाचं सुटं टोक आधी नेढ्यात घालावं, मग दोरा कापावा आणि कापलेल्या टोकाला गाठ मारावी. उलट केलं तर दोऱ्याचा पीळ उलटा पडतो आणि गाठी जास्त होतात. काही जण दोऱ्यावर मेण फिरवतात. ते चांगलंच.

दुकानात काय मागावं?

“सुई द्या,” एवढं म्हणालात तर दुकानदार विचारेल, “हाताची की मशीनची?” मशीनची म्हणालात तर, “घरगुती की जुकी?” इथे नवशिका गांगरतो. घरगुती म्हणजे घरी पायाने किंवा मोटारीवर चालणाऱ्या काळ्या मशीनची. हिच्या मुंडीला एका बाजूने सपाट कापलेलं असतं. जुकी ही मूळ जपानी कंपनी, पण कारखान्यात जोरात पळणाऱ्या कुठल्याही मशीनला कारागीर जुकीच म्हणतात. हिच्या सुईची मुंडी गोल असते. सीमेपलीकडे उंबरगाव-वापीला कामाला जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. तुमच्या घरी कुठलं मशीन आहे ते ठाऊक नसेल तर मोडकी सुई पाकिटात घालून दुकानात न्या. डॉक्टरकडे रिकामी गोळ्यांची पट्टी नेतोच ना आपण.

मग नंबर. इथे जरा लक्ष द्यावं. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक: १ नंबर जाड, १२ नंबर दिसेल न दिसेल अशी. मशीनच्या सुईचं बरोबर उलट: ९ नंबर बारीक, १८ नंबर जाड. हे दोन्ही नंबर ठरवणारे एका खोलीत बसले नव्हते एवढं उघड आहे. त्यातून मशीनच्या पाकिटावर दोन-दोन आकडे, १४/९० असे. त्यातला ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, म्हणजे ०.९ मिलिमीटर, १४ हा त्याच जाडीचा सिंगर पद्धतीचा आकडा. लोकांना हा भागाकार वाटतो. तो तसा करू नये.

मलमल, शिफॉन, पातळ ब्लाउजपीस यांना ९ किंवा ११. शाळेच्या गणवेशाला, सुती परकराला १४. जीन्सला १६, आणि पिशव्यांच्या जाड कापडाला, रेक्झीनला १८. टी-शर्ट, बनियन अशा ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची वेगळी सुई मिळते; ती धागा फोडत नाही, बाजूला सारून वाट काढते. साध्या अणकुचीदार सुईने टी-शर्ट शिवला की टीप मधेमधे सुटते आणि धुतल्यावर बारीक भोकं वाढत जातात. नाक्यावरचे कित्येक टेलर या सगळ्याला १६ नंबरच लावतात आणि ब्लाउजला टिपेच्या कडेने छिद्रं पडली की कापडाला नावं ठेवतात. त्यांच्याशी वाद घालू नये, पण आपली ११ नंबरची सुई घेऊन जावं.

हाताच्या सुयांत ‘पोनी’ हे नाव बहुतेक दुकानांत दिसतं. त्या तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरातल्या केट्टी गावच्या. १९४९ साली स्थापन झालेल्या कंपनीचा तिथे कारखाना आहे. या कंपनीच्या भागधारकांचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं आणि १९८१ सालचा तो निकाल कंपनी कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला वाचावा लागतो. सुईवरून झालेली भांडणं लहान असतात असं समजणाऱ्यांसाठी ही माहिती.

मशीनमध्ये सुई कशी बसवावी?

आधी पाय पायडलवरून काढा. मोटार असेल तर बटण बंद करा. मग स्क्रू सैल करून जुनी सुई काढा, आणि ती कशी बसली होती ते काढण्याआधीच बघून ठेवा. नव्वद टक्के काम इथेच होतं, आणि नवशिक्याला ते सुई काढल्यावर आठवतं. सुईच्या अंगाला एका बाजूने लांब खाच असते. दोरा त्या बाजूने आत शिरतो. सपाट बाजू शटलकडे यायला हवी. सुई वर टेकेपर्यंत सारून स्क्रू घट्ट करा. अर्धवट बसलेली सुई पहिल्याच टाक्याला खालच्या पत्र्यावर आपटते.

टीप सुटायला लागली, कापड चुरगळायला लागलं किंवा टक-टक असा आवाज यायला लागला की सुई बदलायची वेळ झाली. शिवणशास्त्राची पुस्तकं सांगतात की साधारण आठ तास शिवल्यावर सुई बदलावी. आपल्याकडची पद्धत सुई मोडली की बदलणं ही आहे.

आमच्याकडे कपडे शिवत नाहीत, मग सुई कशाला?

प्रश्न रास्त आहे. सुई कपडे शिवण्यासाठी असते हा मुळात शहरी समज. या पट्ट्यात सुई शिवते कमी, सांधते जास्त, आणि सांधायच्या वस्तूंची यादी पाकिटावर कधीच छापलेली नसते.

दाभणापासून सुरुवात करू. वीतभर लांब, जाड, टोकाशी कधी किंचित वाकलेलं. भाताच्या पोत्याचं तोंड, खताच्या गोणींची जोडून केलेली पावसाळी झडप, जुन्या लुगड्यांची गोधडी, सगळं त्याच्यावर चालतं. महामार्गावर दापचरीच्या आसपास ट्रकच्या फाटलेल्या ताडपत्र्या शिवतात त्याही दाभणानेच. दाभणाला मार्गदर्शिका लागत नाही. ते वापरणाऱ्याच्या तळहातावर चामड्याचा तुकडा बांधलेला असतो, तोच नियम. नवशिका अंगठ्याने रेटतो आणि दाभणाची मागची बाजू आत घुसवून घेतो. म्हणजे सुई मागूनही टोचते. वर दिलेली व्याख्या तेवढ्यापुरती सुधारून घ्यावी.

मग जाळ्याची सुई. धाकटी डहाणू, चिंचणी, बोर्डी, झाई, कुठल्याही कोळी-मांगेला वस्तीत पावसाळ्याच्या तोंडाला ही पाहायला मिळते, कारण जूनपासून मासेमारीला बंदी असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात. ही सुई चपटी, पूर्वी बांबूची आणि आता बहुधा प्लास्टिकची. टोक बोथट. नेढं नाही. पोटात एक जीभ असते, तिच्याभोवती दोरा गुंडाळलेला असतो, म्हणजे सुई आणि रीळ एकच. हिच्या जोडीला लागते एक साधी पट्टी. जाळ्याचा प्रत्येक डोळा त्या पट्टीवर बेतला की सारखा येतो. बोंबलाच्या डोल जाळ्यात तोंडाकडचे डोळे मोठे आणि शेपटाकडचे लहान होत जातात, त्यामुळे पट्ट्याही वेगवेगळ्या. नवशिक्याने हे शिकायला बसू नये असं नाही, पण बसताना लक्षात ठेवावं की शेजारी बसलेली मावशी हे काम गप्पा मारत, बघितल्याशिवाय करत असते, आणि तिच्या गप्पांचा विषय थोड्याच वेळात तुम्ही असणार.

तिसरी, सुईशिवायची शिलाई. वारली पाड्यांवर पळसाच्या पानांची पत्रावळ बांबूच्या बारीक काडीने टाचतात. काडी टोचली, बाहेर काढली, पुन्हा आत घातली, उरलेली मोडली. सुई तीच आणि दोराही तोच. टाका कायमचा पानात राहतो आणि जेवण झाल्यावर सगळंच मातीत. या तंत्राला अजून कुठल्या कंपनीने नंबर दिलेला नाही.

मोगऱ्याचे गजरे, आणि वाणगावच्या मिरच्या लिंबाबरोबर ओवून दारावर टांगण्याचा उद्योग, यांना लांब, मोठ्या नेढ्याची सुई लागते. मिरची ओवल्यावर तोच हात डोळ्याला लावू नये. नजर उतरवणाऱ्या वस्तूने आपलीच नजर जाते.

वारली चित्र कुठल्या सुईने काढतात, असं पर्यटक विचारतात. कुठल्याच नाही. चावून पिंजलेल्या बांबूच्या काडीने, तांदळाच्या पिठात, गेरूच्या भिंतीवर. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती या काडीवर. साडीवर भरतकामाने काढलेला तारपा नाच दुकानात बघितलात तर तो सुईने काढलेला असतो हे खरं, पण त्यातली माणसं बहुधा एकाच साच्यातून पडलेली दिसतात.

पायात काटा गेलाय, सुई आहे का?

डहाणू-तलासरीत सुईचा सर्वाधिक खप याच कामाला होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

बोर, बाभूळ, करवंद यांचे काटे वरवर गेले असतील तर घरी काढायला हरकत नाही. पाय साबणाच्या पाण्याने धुवा. बारीक, नवी, गंज नसलेली सुई घ्या, म्हणजे हाताची ९-१० नंबरची, गोधडीची नव्हे. सुई गॅसवर तापवायची पद्धत आहे, पण तापवून तिला काजळी धरते आणि ती काजळी आपण जखमेत नेतो. उकळत्या पाण्यात ठेवावी किंवा स्पिरिटने पुसावी. काट्याच्या वाटेवरची कातडी वरवर उसवायची, म्हणजे काट्याचं टोक उघडं पडतं, आणि मग तो चिमट्याने ज्या दिशेने गेला त्याच दिशेने मागे ओढायचा. सुईने काटा उकरून वर आणायचा प्रयत्न करू नये. तो मोडतो. काट्याने काटा काढावा ही म्हण राजकारणात ठीक आहे, पायाला लावू नये.

एकाचा काटा काढलेली सुई तशीच दुसऱ्याच्या पायाला लावायची नाही. बी प्रकारची कावीळ रक्तातून जाते, आणि पाड्यावर काटे काढण्यात हातखंडा असलेली व्यक्ती सहसा एकच असते, तिच्याकडे सुईही एकच. आपली सुई आपण न्यावी. मधुमेह असलेल्यांनी या भागातलं काहीच घरी करू नये.

आणि शिंदीचा काटा. इथल्या माळावर, बांधावर शिंदीची झाडं भरपूर, तिच्या पानांच्या बुडाशी लांब टणक काटे असतात. तो गुडघ्याजवळ, घोट्याजवळ किंवा बोटाच्या सांध्यात घुसला तर वरून भोक बुजतं, आठ-पंधरा दिवसांनी सांधा सुजतो, आणि तोवर काटा लागला होता हेच माणूस विसरून गेलेला असतो. लाकडी काटा एक्स-रेत सहसा दिसत नाही, त्यामुळे तो आठवून डॉक्टरला सांगणं हेच निदान. तिथे सुई चालवू नका.

समुद्रावर गणित आणखी वेगळं. पाकटाच्या शेपटीचा किंवा शिंगाळ्याच्या पराचा काटा लागला तर त्यात विष असतं आणि ठणका असह्य होतो. सुईला इथे काही काम नाही. पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवावा, उष्णतेने विषाचा जोर उतरतो; किती गरम ते चांगल्या पायाने आधी तपासावं, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. मग दवाखाना.

सुईच्या टोकावर किती जमीन मावते?

हा प्रश्न शिवणाच्या मार्गदर्शिकेत येतो कसा असं वाटेल, पण या तालुक्यांत तो विचारला जातो. दुर्योधनाने पांडवांना सुईच्या अग्रावर राहील एवढीही जमीन द्यायला नकार दिला होता. तलासरीच्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी वारली जमले आणि वेठबिगारी व लग्नगडीची पद्धत नाकारली, तेव्हा समोरच्या जमीनदारांचं मोजमापाचं साधन साधारण तेच होतं. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघं आयुष्यभर सावकाराच्या शेतावर राबायची. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सविस्तर आहे. पुढे २००६ साली वनहक्क कायदा आला आणि वनजमिनीचे दावे गुंठ्यांत मोजले जाऊ लागले. नवशिक्याने सुई घेऊन तलाठ्याकडे जाऊ नये. त्याच्याकडे अग्र हे एकक नाही.

सुरक्षितता

सुईला कायम दोरा ओवलेला ठेवावा. सुई हरवली तर दोरा दिसतो. सगळी सुरक्षितता मुळात एवढीच. उरलेली या नियमाला न जुमानणाऱ्यांसाठी.

सुई तोंडात धरू नये. हे सांगताना टेलर हसतात, कारण त्यांच्या ओठांत त्या वेळी दोन टाचण्या असतात. शिंक, उचकी किंवा फोनची रिंग, एवढं पुरतं. गिळलीच तर केळं खाऊ नका, केळ्यात कापूस घालून तर मुळीच खाऊ नका, मिठाचं पाणी पिऊन ओकारी काढू नका. काहीही न खाता-पिता रुग्णालय गाठा. पोलाद एक्स-रेत स्वच्छ दिसतं, आणि ते वेळेत कळलं तर दुर्बिणीने काढता येतं.

सुई पायात घुसून मोडली तर त्या पायावर भार देऊ नका, उकरू नका, आणि हातात उरलेला तुकडा टाकू नका. डॉक्टरला दाखवा, म्हणजे आत किती राहिली ते कळेल. मोडलेली सुई रक्तातून धावत हृदयात जाते अशी धास्ती आजीपासून सगळ्यांना असते. ती तशी धावत नाही. पण स्नायूंच्या हालचालीने ती जागा बदलते हे खरं, म्हणून आज नको उद्या बघू असं करू नये. तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे, डहाणूला आणि कास्याला उपजिल्हा रुग्णालय. तिथे धनुर्वाताच्या लशीचंही विचारा. धनुर्वात गंजाने होतो असा समज आहे. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. चकचकीत सुई अंगणातल्या मातीतून पायात गेली तरी धोका तोच.

मशीनची सुई बोटातून गेली तर ओरडण्याआधी पाय काढा. बोट खेचू नका. बाजूचं चाक हाताने हळू फिरवून सुई वर आणा, बोट आपोआप सुटेल. कापड शिवताना मागून ओढू नये, सुई वाकते, पत्र्यावर आपटते आणि तुकडा उडतो. चष्मा असेल तर घालावा, दिसायला नव्हे, डोळ्यासाठी.

मोडक्या सुया केरात टाकू नयेत. निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत सुई मोडली की तिचा प्रत्येक तुकडा शोधून नोंदवहीत चिकटवावा लागतो, तुकडा सापडला नाही तर कपड्यांचा गठ्ठाच तपासणीला जातो, आणि तयार माल धातूशोधक यंत्राखालून काढतात. घरी एवढं नको. औषधाची रिकामी बाटली पुरे, झाकण घट्ट लावून. सुई जमिनीवर पडली असेल तर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवावं. अनवाणी शोधू नये. तशी ती सापडते, पण पायाला.

मशीन कुठून मिळवावं?

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे आणि मासेमारीचं जाळं विणणाराही आहे, म्हणजे डहाणूच्या दोन्ही सुया एका यादीत आल्या. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. फॉर्म भरताना आधार, बँक खातं आणि फोन नंबर जुळायला हवेत. यांना एकत्र ओवणारी सुई अजून निघालेली नाही.

रात्री सुई मिळेल का?

नाही. दिवेलागणीनंतर सुई विकत नाहीत, उसनी देत नाहीत. दुकानदार कितीही ओळखीचा असो, “सकाळी या” म्हणेल. शेजारची काकीही देणार नाही, आणि दिवसा दिली तरी हातात न देता खाली ठेवेल, मग तुम्ही उचलायची. हातोहात दिली तर भांडण होतं म्हणतात. यामागे काय असेल ते असो, कंदिलाच्या उजेडात टोकदार वस्तू हातोहात न फिरवणं यात चूक काढता येत नाही. अंगावर असलेला कपडा अंगावरच शिवू नये हाही असाच नियम आहे, आणि डहाणू-चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने बटण लावणाऱ्यांनी तो वैतरणेच्या पुलावर आठवावा.

मग रात्री बटण तुटलं आणि पहाटेची गाडी पकडायची असेल तर? सेफ्टी पिन. तिला दिवेलागणीचं बंधन नाही, नंबर नाही, दोरा लागत नाही. तिची वेगळी मार्गदर्शिका आम्ही काढणार नाही. ती नीट लागली नसेल तर विरार येईपर्यंत आपोआप कळतं.